डॉक्टर कोटणीस आणि रक्ताची वाट

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. लिहिण्याचा मला सराव नाही. पाककृती द्यावी तर आपल्या मंडळात माझ्याहून सुगरणी कितीतरी आहेत. प्रवासवर्णन लिहावे तर तुळजापूर-पंढरपूरच्या पलीकडे माझे जाणे फारसे झालेले नाही. पण गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीमुळे आपल्याच गावच्या एका मोठ्या माणसाचे चरित्र मी नव्याने वाचले. ते सर्वांना सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

आधी ती चूक सांगते. आमच्या शेजारच्या वहिनींचा धाकटा मुलगा खेळता खेळता खिडकीच्या तावदानावर पडला. काच फुटली आणि मनगटाच्या जरा वर त्याचा हात चिरला. काळपट लाल रक्त संथपणे पण न थांबता वाहू लागले. वहिनींना तर घेरीच यायची राहिली होती. कोणी हळद आणली, कोणी कॉफीची पूड आणली. मीच त्यातल्या त्यात धीराची म्हणून पुढे झाले. वरून बांधले की रक्त थांबते एवढे कुठे तरी ऐकले होते. हाताशी आलेली परकराची नाडी घेऊन मी त्याच्या दंडाला बांधली. पोराला दुखेल म्हणून फार आवळली नाही. आणि काय आश्चर्य! रक्त थांबायचे सोडून अधिकच वाहू लागले.

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या सिस्टरबाई धावत आल्या. रुग्णालयातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली आहेत. त्यांनी पहिले काम कोणते केले असेल, तर माझी नाडी सोडून टाकली. मग स्वच्छ पंचाची जाड घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबली, मुलाला आडवे केले, हात वर उचलून धरला. रिक्षातून दवाखान्यापर्यंत त्यांनी तो दाब क्षणभरही सोडला नाही. टाके पडले, मुलगा बरा झाला. आज तो पुन्हा त्याच अंगणात क्रिकेट खेळतो.

पण माझ्या मनातून ते जाईना. चार दिवसांनी मी सिस्टरबाईंकडे गेले आणि माझे काय चुकले ते विचारले. त्यांनी रागावल्याशिवाय, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून मला रक्ताची वाट समजावून दिली. उठताना त्या म्हणाल्या की भैय्या चौकातल्या स्मारकावरून आपण रोज जातो येतो, पण त्या डॉक्टरांनी परमुलखात जाऊन नेमके काय केले हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मला ठाऊक नव्हते. लहानपणी पाहिलेल्या सिनेमापुरतीच माझी ओळख. मग मी वाचू लागले.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म आपल्या सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. तेव्हाचे सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. जुनी गिरणी १८७७ साली उभी राहिली होती, तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या होत्या आणि भोंग्यावर घराघरांतल्या चुली पेटत. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच, मिळकत बेताची. अशा घरात मुलगा डॉक्टर व्हावा ही मोठीच आकांक्षा. तिच्यासाठी वडिलांनी किती ओढाताण केली असेल याची कल्पना आपणा बायकांना सांगायला नको.

द्वारकानाथ मुंबईला गेले आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेले हे महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले होते, म्हणजे तेव्हा अगदी नवे होते. ते दिवस कसे होते तेही ध्यानात घ्यावे. १९३० च्या मे महिन्यात आपल्या सोलापुरात सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. द्वारकानाथ त्या वेळी वीस वर्षांचे होते. ज्या गावाने असे रक्त सांडलेले पाहिले, त्या गावचा हा मुलगा.

डॉक्टरीच्या विद्यार्थ्याला आरंभीच जे शिकावे लागते, ते हे रक्ताभिसरण. सिस्टरबाईंनी मला चित्रातून शिकविले तेच येथे माझ्या शब्दांत सांगते, कारण त्याशिवाय पुढची हकिगत नीट कळणार नाही.

आपले हृदय साधारण आपल्या मुठीएवढे. आत चार कप्पे, वर दोन आणि खाली दोन. मध्ये उभी भिंत, त्यामुळे उजवी बाजू निराळी आणि डावी निराळी. डाव्या बाजूने शुद्ध, म्हणजे प्राणवायू भरलेले रक्त जोराने बाहेर ढकलले जाते. ज्या वाहिन्या हृदयापासून रक्त दूर नेतात त्यांना रोहिणी म्हणतात. कोणी धमनी म्हणतात. हृदयाचा धक्का प्रथम त्यांनाच सोसायचा असतो, म्हणून त्यांच्या भिंती जाड आणि लवचीक. मनगटावर बोट ठेवले की जी नाडी लागते, ती रोहिणीतून जाणारी हृदयाच्या ठोक्याची लाट.

मोठ्या रोहिणीला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे फुटतात. शेवटी त्या केसाहूनही बारीक होतात, त्यांना केशिका म्हणतात. त्यांची भिंत इतकी पातळ की तिच्यातून प्राणवायू आणि अन्नरस शरीराच्या कणाकणाला मिळतो आणि तेथला टाकाऊ वायू रक्तात येतो. येथून परतीची वाट सुरू होते. केशिका एकमेकींना मिळत जाऊन ज्या वाहिन्या होतात त्या नीला. आपण ज्यांना शिरा म्हणतो त्या. हातावर हिरव्यानिळ्या दिसतात त्या याच. त्यांच्यातले रक्त काळपट लाल असते. जोर ओसरलेला असतो, म्हणून त्यांच्या भिंती पातळ असतात आणि रक्त मागे फिरू नये म्हणून हातापायांच्या नीलांत जागोजागी छोट्या झडपा असतात. पोटऱ्यांचे स्नायू आकसले की तेथल्या नीला दाबल्या जातात आणि रक्त वर चढते. तासन् तास ओट्याशी एकाच जागी उभे राहिल्याने आपल्या पायांच्या शिरा का फुगतात, ते यावरून समजते. स्वयंपाक करताना मधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावले चालावे, असे सांगतात ते उगाच नव्हे.

परत आलेले हे रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते, तेथून फुफ्फुसांत जाते, प्राणवायू घेऊन डाव्या बाजूला येते आणि पुन्हा फेरीला निघते. फुफ्फुसांच्या वाटेवर मात्र रंगाची अदलाबदल असते. तेथे रोहिणीत काळपट रक्त आणि नीलेत लालभडक. म्हणून रंगावरून नव्हे, तर रक्त हृदयापासून निघाले की हृदयाकडे चालले यावरून नाव ठरते.

मोठ्या माणसाच्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर. हृदय एका ठोक्याला साधारण सत्तर मिलिलिटर रक्त बाहेर टाकते आणि स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके पडतात. गुणाकार करून पाहा, पाच लिटर होतात. म्हणजे जवळजवळ सारे रक्त एका मिनिटात आपली फेरी पुरी करते. तासाला तीनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार! नळाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या आम्हा सोलापूरकर बायकांना या आकड्याचे मोल अधिक कळावे.

हा गुणाकार प्रथम इंग्लंडच्या विल्यम हार्वे नावाच्या डॉक्टरांनी केला. त्यांच्या आधी दीड हजार वर्षे युरोपातले वैद्य असे मानीत की रक्त यकृतात तयार होते आणि शरीरात झिरपून संपून जाते. हार्वे यांनी विचारले की इतके रक्त जर संपून जात असेल, तर माणूस खातो ते अन्न त्याला पुरेल कसे? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. १६२८ साली त्यांनी हे ग्रंथरूपाने मांडले. मात्र रोहिणीतून नीलेत रक्त जाते कोठून, तो दुवा त्यांना डोळ्यांनी दिसला नाही. इटलीच्या माल्पिघी यांनी १६६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली केशिका पाहिल्या, तेव्हा ती फेरी पुरी जुळली.

हार्वे यांनी आणखी एक प्रयोग केला होता आणि तो वाचताना मला घाम फुटला, कारण तो माझ्याच चुकीचा प्रयोग होता. दंडाला पट्टी अगदी करकचून बांधली तर हात फिकट आणि गार पडतो, मनगटाची नाडी लागत नाही. कारण खोल असलेली रोहिणीही दाबली जाते. पण तीच पट्टी थोडी सैल केली, तर रोहिणीतून रक्त आत येत राहते आणि वरवरच्या नीला तेवढ्या दाबलेल्या राहतात. मग हात तांबूस होऊन फुगतो, शिरा टरारून वर येतात. रक्त तपासायला देताना दंडाला रबरी पट्टा बांधतात तो यासाठीच. त्या मुलाच्या हाताची चिरली होती ती नीला. मी सैल नाडी बांधून हृदयाकडे जाणारी वाट अडविली आणि हाताकडे येणारी मोकळी ठेवली. मग आलेल्या रक्ताने बाहेर पडावे कोठून? जखमेतूनच!

आता पुन्हा द्वारकानाथांकडे वळते. पदवी घेऊन ते पुढच्या परीक्षेची तयारी करीत होते. १९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली. चीनच्या आठव्या सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला, रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल. ते याआधी स्पेनच्या युद्धात काम करून आलेले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस, वय अठ्ठावीसही पुरे नाही.

स्वतःच देश परतंत्र असताना दुसऱ्याच्या लढाईत कशाला पडायचे, असा प्रश्न कोणाच्याही घरात निघाला असता. ज्या मुलाच्या शिक्षणावर सारी भिस्त, तोच दूरदेशी निघालेला. तरीही वडिलांनी निरोप दिला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना या बोटीने पथक मुंबईहून निघाले. कँटन, हँको, चुंगकिंग असा प्रवास करीत, वाटेतल्या रुग्णालयांत काम करीत ते चालले होते. मागे शहरे जपान्यांच्या हाती पडत होती. चुंगकिंगला असताना द्वारकानाथांना वडील वारल्याचे कळले. परत जाण्याची मोकळीक त्यांना होती. ते गेले नाहीत. हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. सोलापुरातल्या त्या घरी काय झाले असेल, आईने काय म्हटले असेल, हेच डोळ्यांपुढे येत राहिले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. तेथे डोंगर पोखरून केलेल्या गुहांत माणसे राहत. पुढे डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी भारतात परतले. उरलेले तिघे १९३९ च्या अखेरीस शत्रूच्या ताब्यातला मुलूख ओलांडून वुताई पर्वताच्या बाजूस आघाडीवर जाण्यास निघाले. तेथे कॅनडाचे एक नामांकित शस्त्रवैद्य, नॉर्मन बेथ्यून, काम करीत होते.

या बेथ्यून यांची गोष्ट रक्ताच्या वाटेशी फार जवळची आहे. १९०१ साली व्हिएन्नाच्या लँडस्टायनर यांनी रक्ताचे गट शोधून काढल्यावर एकाचे रक्त दुसऱ्याला देणे निर्धोक होऊ लागले होते. पण ते रुग्णालयात व्हायचे आणि जखमी सैनिक तेथे पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असायचा. बेथ्यून यांनी स्पेनमध्ये १९३६-३७ साली बाटल्यांतले रक्त गाडीतून थेट आघाडीजवळ नेण्याची व्यवस्था केली. जखमीने डॉक्टरकडे येण्याऐवजी डॉक्टरने व रक्ताने जखमीकडे जावे, हा त्यांचा विचार. चीनमध्ये शीतपेटी नव्हती, वीज नव्हती. तेथे त्यांनी गावकऱ्यांना रक्तदानाला तयार केले आणि स्वतःचेही रक्त दिले.

द्वारकानाथांची व त्यांची भेट व्हायची नव्हती. शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांच्या बोटाला कापले, त्यातून विषारी जंतू रक्तात गेले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. तेव्हा पेनिसिलिन हाती आलेले नव्हते. जी वाट जीवन पोहोचविते तीच विषही पोहोचविते. बोटाच्या टोकाशी शिरलेला जंतू नीलेतून हृदयात आणि हृदयातून सर्वांगात जायला वेळ तो किती लागणार?

१९४० साली कोटणीस व बसू त्या भागात पोहोचले आणि बेथ्यून यांचे राहिलेले काम हाती घेतले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस चिनी सेनेने मोठी मोहीम काढली आणि जखमींची रीघ लागली. खेड्यातले घर किंवा देऊळ हेच शस्त्रक्रियेचे दालन. उपकरणे थोडी, औषधे त्याहून थोडी. शत्रू जवळ आला की सामान खेचरांवर लादून डोंगरातून दुसऱ्या गावी जायचे. या मोहिमेत डॉ. कोटणीस यांनी शेकडो जखमींवर उपचार केले आणि एकदा तर सलग तीन दिवस व तीन रात्री न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांचे सहकारी पुढे सांगत.

रणांगणावरचा शस्त्रवैद्य नेमके काय करतो, हे मला आता थोडेफार उमगते. गोळी लागली की अवयवाबरोबर वाहिन्याही तुटतात. रक्त लालभडक असून ठोक्याठोक्याला उसळत असेल तर रोहिणी तुटली. काळपट असून संथ वाहत असेल तर नीला. मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांतच प्राण जाण्याचा धोका. दीड-दोन लिटर रक्त गेले की हृदयाला ढकलायला पुरेसे रक्तच राहत नाही. ते घाईघाईने धडधडते, नाडी बारीक होते, अंग गार पडते. म्हणून आधी रक्त थांबवायचे, मग तुटलेल्या वाहिनीचे टोक पकडून बांधायचे, मग जखम स्वच्छ करायची. करकचून बांधलेला पट्टा फार वेळ राहिला तर पुढचा अवयव रक्तावाचून मरतो आणि कापावा लागतो. डोंगरातून स्ट्रेचरवर आणलेल्या माणसाच्या बाबतीत प्रत्येक घटकेचा हिशेब करावा लागतो. माझी नाडी चुकली तेव्हा सिस्टरबाई दोन घरे पलीकडे होत्या. तेथे तीन खेड्यांच्या परिसरात कोणी नसे.

म्हणूनच डॉ. कोटणीस केवळ शस्त्रक्रिया करून थांबले नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि त्याला जोडलेल्या शाळेत खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना शस्त्रवैद्यक शिकवू लागले. तेही चिनी भाषेत. ती भाषा त्यांनी लिहिण्याबोलण्याइतकी आत्मसात केली होती. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शस्त्रवैद्यकाचे पुस्तक लिहावयास घेतले. तिकडे लोक त्यांना के दिहुआ या चिनी नावाने ओळखत. एक डॉक्टर फार तर दिवसाला वीस जखमींना हात लावील. पण त्याने शिकविलेली पन्नास माणसे पन्नास गावांत असतील, हे ते जाणून होते.

त्याच शाळेत परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो चिंगलान या तरुणीशी १९४१ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन देशांचे रक्त एका अंगात, आणि दोन्ही देशांची नावे एका नावात.

पण त्यांची स्वतःची प्रकृती बिघडत चालली होती. त्यांना अपस्माराचे झटके येत. हवापालट करावा, मागे सुरक्षित जागी जावे, असा आग्रह झाला. त्यांनी तो मानला नाही. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत पुस्तकाचे लिखाण चालू असतानाच एकामागून एक झटके आले आणि ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाच जण गेले होते. चौघे परत आले.

चिनी लोकांनी त्यांना विसरू दिले नाही. पुढे शिजियाझुआंग या शहरातल्या हुतात्म्यांच्या उद्यानात बेथ्यून यांच्याप्रमाणेच त्यांचेही समाधिस्थान झाले. ज्यांची जिवंतपणी भेट झाली नाही, ते दोघे शेवटी एकाच ठिकाणी विसावले. आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी डॉ. कोटणीस की अमर कहानी हा चित्रपट काढला. त्यात शांताराम स्वतः कोटणीस झाले होते आणि जयश्रीबाई चिंगलान. मुलाच्या वाट्यालाही आयुष्य थोडेच आले. यिनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असताना १९६७ साली ऐन तारुण्यात गेला. चिंगलानबाई मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून गेल्या आणि २०१२ साली वारल्या. १९६२ साली दोन देशांत युद्ध झाले, पुढेही कुरबुरी झाल्या. तरी तिकडचे मोठे पाहुणे भारतात आले की कोटणीसांच्या बहिणींची वास्तपुस्त केल्याशिवाय सहसा परतत नसत.

हे सारे वाचून झाल्यावर मी एकदा मुद्दाम भैय्या चौकात उतरले आणि स्मारकात गेले. सिनेमातला वीर म्हणून नव्हे, तर कुणाची तरी तुटलेली शीर बोटांत धरून बसलेला, तीन रात्रींचा जागा, आपल्याच गावचा एक मुलगा म्हणून मला ते दिसले. वीरश्री वगैरे दूरची गोष्ट. तो दाब सोडायचा नाही, एवढे तरी आपल्याला जमेल की नाही? त्या विचाराने मी सिस्टरबाईंना मंडळात बोलाविले. त्यांनी आपल्याला तीन शनिवार जे शिकविले, ते येथे थोडक्यात नोंदवून ठेवते.

रक्त वाहत असेल तर हळद, कॉफी, माती, राख काही भरू नये. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावी आणि दाबून धरावी. पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. कापड भिजले तर ते न काढता त्यावर दुसरे ठेवावे. जखमेत काच किंवा खिळा रुतला असेल तर तो उपटू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबावे. माणसाला आडवे करावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. नाडी, दोरी, सुतळी बांधू नये. हातापायाचे रक्त दाबूनही आवरत नसेल आणि प्राणावर बेतले असेल, तरच रुंद पट्टा जखमेच्या वर, रक्त थांबेपर्यंत करकचून बांधावा, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि तो डॉक्टरांनीच सोडावा.

दुसरी गोष्ट रक्तदानाची. निरोगी, पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाच्या आणि हिमोग्लोबिन साडेबारा असलेल्या स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. एका वेळी साधारण साडेतीनशे मिलिलिटर घेतात. त्यातले पाणी दोन दिवसांत भरून निघते, तांबड्या पेशी काही आठवड्यांत पुन्हा तयार होतात. नाही तरी त्यांचे आयुष्य चार महिन्यांचेच. आपल्या मंडळाच्या गेल्या शिबिरात मात्र पुष्कळ जणी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत गेल्या, त्यांत मीही होते. सर्वांना वाढून झाल्यावर उरलेसुरले खाण्याची आपली सवय त्याला कारण आहे. तेव्हापासून मी भाकरीबरोबर पालेभाजी, शेंगाचटणी, उसळ आणि वर लिंबू पिळून वेळेवर जेवते, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेते. दुसऱ्याला देण्यासाठी का होईना, आधी आपल्या अंगात असावे लागते, हे या वयात शिकले.

येत्या शिबिरात माझे हिमोग्लोबिन पुन्हा तपासणार आहेत. ते साडेबारा भरले तर शेजारच्या वहिनी माझ्याबरोबर येणार आहेत. दंडाला रबरी पट्टा बांधला जाईल तेव्हा मी डोळे मिटणार नाही. शीर कशी वर येते ते नीट पाहणार आहे.